नांगर एकाचा, कागद दुसऱ्याचा

काखेत लाल खारव्यात बांधलेली खातेवही, पायांत नव्या वहाणा, आणि त्या वहाणांनी टाचेला काढलेला फोड. साल 1916, मार्गशीर्ष महिना. तुम्ही पुण्याच्या एका सावकाराचे कारकून आहात आणि भाताचा खंड वसूल करायला मुळशी पेट्यात निघाला आहात. काल पहाटे बैलगाडीनं पुणं सोडलंत. बावधन, भूगाव करत पिरंगुटची खिंड ओलांडेपर्यंत ऊन कलतीला लागलं होतं. रात्रीचा मुक्काम पौडला. पौड म्हणजे पेट्याचं ठाणं. महालकऱ्याची कचेरी इथंच, वाण्यांची दुकानं इथंच. मीठ, मिरची, तंबाखू आणि नांगराचे फाळ घ्यायला खोरं इथंच उतरतं. खोऱ्यातल्या माणसाला सरकार बघायचं असलं तर तेही इथंच बघायला मिळतं, आणि तो होता होईतो ते टाळतो.

आज सकाळी मुळेच्या काठानं वर निघालात. पश्चिमेकडे सरकावं तसे दोन्ही अंगांचे डोंगर जवळ येत जातात आणि मग, जिथं निळा नदी मुळेला मिळते त्या बाजूला, खोऱ्याचा तळ एकदम पसरतो. सह्याद्रीच्या कुशीत इतकी सपाट जमीन बघायची सवय नसते. बांधाला बांध लागून खाचरं, खाचरांत कापणीनंतरची धसकटं, मध्ये मध्ये भाताच्या उडव्या. खळ्यावर झोडणी चालली आहे. पेंढी दगडावर आपटल्याचा आवाज एका गावातून सुटतो आणि पुढच्या गावाचा त्यात मिसळतो. हवेत पेंढ्याची धूळ आहे. तुम्हाला शिंका येतात आणि खळ्यावरची पोरं हसतात.

ज्याच्याकडे वसुली आहे तो शेतकरी घोंगडी अंथरतो. "बसा भाऊसाहेब. औंदा भात बरं हाय." त्याच्या हातचं तुम्ही खाणार नाही हे त्याला ठाऊक आहे. त्याची बायको शिधा काढून देते : तांदूळ, गूळ, वाटीभर तूप. देवळाच्या ओवरीत तीन दगड मांडून तुम्ही स्वतःच भात रांधता. पाणी उकळायला लागल्यावर आंब्याच्या मोहोराचा वास सुटतो आणि मग तुमच्या लक्षात येतं की पुण्यात मालकांच्या घरी सणासुदीला जो आंबेमोहोर शिजतो, त्याचं घर हे. तो पिकवणाऱ्याच्या घरात मात्र रोज नाचणीची भाकरी आहे. आंबेमोहोर खंडात जातो, उरलेला पौडच्या बाजारात जातो, त्यातून मीठ आणि कापड येतं.

संध्याकाळी तो गप्पांना बसतो. हातात वही असलेल्या माणसाशी शेतकरी जरा जपूनच बोलतो, पण शेतीचा विषय निघाला की त्याला राहवत नाही. तो तुम्हाला वर्ष सांगतो. आता थंडीत झाडांची कवळं तोडायची. ती वाळवून, शेण आणि पालापाचोळा पसरून, वर मातीचा थर देऊन चैत्र-वैशाखात राब भाजायचा. भाजलेल्या जमिनीत तण उगवत नाही, रोप जोमानं येतं. पहिल्या पावसाला तिथं भात पेरायचं, आषाढात रोपं उपटून चिखलणी केलेल्या खाचरात आवणी करायची. पाऊस इथं पुण्याच्या कितीतरी पट पडतो. घाटमाथ्याकडे, ताम्हिणीच्या बाजूला, त्याहूनही जास्त. त्या पावसात पाठीवर इरलं घेऊन, कमरेत वाकून बायका दिवस दिवस रोपं लावतात. एका घराच्या बैलांनी चिखलणी उरकत नाही म्हणून इर्जिक घालतात. आज सगळ्यांचे बैल याच्या खाचरात, उद्या त्याच्या. बैलांची मजुरी नाही, जेवण तेवढं चांगलं घालायचं. चढावर नाचणी आणि वरई, रानात हिरडा, करवंदं, वर पठारावर धनगरांची गुरं.

त्यातला गोडवा ऐकून भुलू नका. श्रावण-भाद्रपदात कणग्या तळाला लागलेल्या असतात आणि नवं भात अजून दोन-अडीच महिने लांब असतं. खोऱ्याचा खरा उपासाचा काळ तो, आणि तुमच्या काखेतली वही भरते तीही त्याच दिवसांत. बैल मेला, पोरीचं लग्न निघालं, हिवतापानं घरातला कर्ता आडवा पडला, की पुण्याची वाट धरायची. वहीत या माणसाच्या नावावर जे पान आहे त्याची सुरुवात त्याच्या आजानं केली होती. मुद्दल आता कुणालाच आठवत नाही. मधल्या एका फेरफारात जमीन तुमच्या मालकांच्या नावावर चढली आणि हा आपल्याच बापाच्या खाचरांचा कूळ झाला. खोऱ्यातल्या चांगल्या जमिनीची ही नेहमीची कथा आहे. मालक पुण्यात, पिकवणारा इथं.

निघताना तुम्ही त्याला सहज विचारता, की जमीन आपल्या नावावर नाही याचं काही वाटत नाही का. तो भाताची पाटी गाडीत ओततो आणि सांगतो, "कागद तुमच्याकडं, नांगर माझ्याकडं. आजाच्या टायमापासनं असंच चाललंय." त्याच्या मते हा कायमचा करार आहे. सावकार बदलेल, खंड वाढेल, पण नांगर धरायला कुणीतरी लागणारच, आणि तो आपणच.

तीन-चार वर्षं पुढे या. वही गेली, आता तुमच्या हातात मोजणीची साखळी आहे आणि पाठीवर नकाशांची नळी. युरोपातलं महायुद्ध संपलंय. 1919 मध्ये टाटा पॉवर कंपनी स्थापन झालीय आणि तुम्ही तिच्या मोजणीच्या तुकडीत आहात. साहेबानं तुम्हाला काम समजावून दिलंय. मुंबईच्या गिरण्यांना कोळसा लांबून, बंगालकडून आणावा लागतो. तो महाग आणि धूर करणारा. घाटमाथ्यावर मात्र दर पावसाळ्यात फुकट पाणी पडतं. ते अडवायचं, डोंगरातून पलीकडे काढायचं आणि कोकणात पाचशे मीटरच्या आसपास खाली सोडायचं, की चाकं फिरतात आणि वीज होते. लोणावळ्याची तळी बांधून खोपोलीला 1915 पासून हेच चाललं आहे, शेजारच्या आंध्रा खोऱ्यात काम सुरू आहे. आता पाळी मुळशीची. मुळेचं पाणी भीमेला, तिथून कृष्णेला आणि शेवटी पूर्वेच्या समुद्राला जातं. ते उलटं वळवून कुलाबा जिल्ह्यातल्या भिऱ्याला उतरवायचं.

कल्पना म्हणून ती भव्य आहे, हे मान्य करायला हरकत नाही. तुम्हालाही तसंच वाटतं. नकाशावर तुम्ही पाण्याची रेघ ओढता आणि त्या रेघेच्या आत पन्नासच्या घरात गावं येतात, सुमारे अकरा हजार माणसं येतात. आत येतो तो खोऱ्याचा तळ. भाताची पहिल्या प्रतीची जमीन तिथंच आहे. रेघेबाहेर उरतो तो नाचणी-वरईचा चढ.

एके दिवशी साहेबाच्या हुकमावरून उभ्या शेतात चाचणीचे चर खणले जातात. तो शेतकरी, तोच, धावत येतो. "कुणाला इचारून खणला?" तुम्ही काय सांगणार? भूसंपादनाचा कायदा 1894 चा आहे. त्यात सरकार सार्वजनिक कामासाठी जमीन घेऊ शकतं, आणि कंपनीसाठीही घेऊ शकतं. नोटीस जाईल ती ज्याचं नाव कागदावर आहे त्याला. तुम्ही त्याचं नाव विचारता आणि यादीत शोधता. सापडत नाही.

पुढचा मुक्काम जरा लांबवा, कारण इथं बघायला खूप आहे. 16 एप्रिल 1921, रामनवमी. या वेळी तुम्ही पुण्याहून आलेले स्वयंसेवक आहात, झोळीत छापील पत्रकं आहेत. आदल्या ऑगस्टमध्ये टिळक गेले आणि आता सगळीकडे गांधींचं नाव आहे. असहकाराचं वर्ष. पण धरणाच्या जागेकडे चाललेल्या या गर्दीला असहकार कुणी शिकवावा लागलेला नाही. हजार-बाराशे मावळे आहेत. बायका आहेत, कडेवर पोरं आहेत. चैत्राचं ऊन डोक्यावर आहे, खाचरं रिकामी आहेत, राब भाजून झाले आहेत, म्हणून माणसांना वेळ आहे. हा मुहूर्त रामाचा तसा शेतीच्या पंचांगाचाही.

घोषणा एकच : जान किंवा जमीन. माणसं पायाच्या खड्ड्यांत आणि दगडांच्या ढिगांवर जाऊन बसतात. मजुरांनी पहार उचलायची तर ती कुणाच्या तरी मांडीशेजारी मारावी लागेल, म्हणून ते उचलत नाहीत. काम थांबतं. कुणी कुणावर हात उगारत नाही. तुम्ही पत्रकं वाटायला काढता आणि लक्षात येतं की घेणाऱ्या बहुतेकांना वाचता येत नाही. ते आदरानं घडी घालून कनवटीला लावतात. कागद म्हटला की जपून ठेवायचा, एवढं या खोऱ्यानं आयुष्यभर शिकलेलं आहे.

गर्दीत जी नावं पुढे मोठी झाली ती तुम्हाला दिसतात. विनायकराव भुस्कुटे, ज्यांनी नंतर या लढ्याचा इतिहास लिहिला. शंकरराव देव. आणि पांडुरंग महादेव बापट, पारनेरचे, युरोपात जाऊन बॉम्बची विद्या शिकून आलेले आणि आता नि:शस्त्र बसलेले. त्यांच्या नावामागे लोकांनी 'सेनापती' लावलं ते इथल्याच लढ्यात. गांधी 'यंग इंडिया'त लिहितात, सत्याग्रहींना शुभेच्छा देतात आणि टाटांना सांगतात की कायद्यानं मिळालेल्या हक्कावर अडून बसू नका, लोकांशी बोला. कंपनी काही महिन्यांसाठी काम थांबवायचं कबूल करते. खोऱ्यात गुलाल उधळला जातो. तुम्हीही नाचता.

मात्र त्या रात्री एका घराच्या ओट्यावर बसून तुम्ही ऐकता ते लक्षात ठेवा. एक म्हातारा विचारतो, "काम थांबलं ते बरं झालं. पर आमच्या मालकाचं म्हणणं काय हाय?" पुण्याच्या मंडळींपैकी कुणी उत्तर देत नाही. विषय बदलतात, कुणी पद म्हणतं.

उत्तर मिळायला पुण्याला परत यावं लागतं. एका वाड्याच्या दिवाणखान्यात बैठका होतात. खोऱ्यातल्या जमिनींचे मालक जमलेले आहेत आणि त्यांच्यापुढे प्रश्न वेगळा आहे. जमीन जावी की नाही, यापेक्षा काय भावानं जावी, यात त्यांना रस आहे. भाव चांगला मिळत असेल तर डोंगरातली, कुळांच्या ताब्यातली, खंडासाठी दरसाल कारकून पाठवावा लागणारी जमीन धरून ठेवण्यात त्यांना काय राम वाटावा? यात काही राक्षसी नाही. व्यवहार बघितला तर तो शहाणपणाचाच आहे. पण एकाच सभेत दोघं जण 'आमची जमीन' म्हणतात आणि एकाच्या मनात किंमत असते, दुसऱ्याच्या मनात आषाढ, तेव्हा ती सभा फार काळ टिकत नाही. पुण्याचं पुढारपण फुटलं ते इथं. मोबदल्याची बोलणी लागली तेव्हा ज्याला मोबदला मिळणार तो तयार होता. ज्याला मिळणारच नव्हता त्याला कुणी विचारलं नाही.

मुळशीच्या लढ्याला जगातलं पहिलं धरणविरोधी आंदोलन म्हणतात. राजेंद्र व्होरांच्या इंग्रजी पुस्तकाचं नावच तसं आहे. हा मान आपल्याला आवडतो आणि आपण तो मिरवतोही. पण व्होरांनी सावकारांवर जे लिहिलं आहे, त्याची आठवण भाषणांत फारशी निघत नाही. खलनायक म्हणून कंपनी आणि साहेब पुरतात. शनिवार-सदाशिवातले आपले पणजोबा मध्ये आले की गोष्ट अडचणीची होते.

1921 सरता सरता काम पुन्हा सुरू झालं. आता पोलीस होते. धरपकड झाली, खटले झाले, येरवड्याला माणसं गेली, त्यांत बायकाही होत्या. घरचा कर्ता तुरुंगात आणि खाचरात कंपनीची माणसं, अशी दोन वर्षं गेली. ज्यांनी मोबदला घेतला ते गप्प झाले. गांधींनी 1924 मध्ये कळवलं की लढा आता सोडून द्यावा : बहुतेकांनी पैसे घेतलेले आहेत आणि पुढाऱ्याची अहिंसेवर पूर्ण श्रद्धा नाही. दुसरी गोष्ट खरी होती. त्याच डिसेंबरात बापट आणि त्यांचे मोजके साथीदार धरणाच्या कामाची रेल्वे अडवून तलवार आणि पिस्तूल घेऊन उभे राहिले, आणि मग स्वतःहून स्वाधीन झाले. बापटांना सात वर्षांची शिक्षा झाली. ते सुटून आले तोवर खोऱ्यात तळं होतं.

ते तळं भरताना बघायचं असेल तर 1927 च्या पावसाळ्यात या, पण फार वेळ थांबू नका. घरांचे वासे उतरवून चढावर नेले गेले आहेत. देव हलवले आहेत. काही गावं जुन्याच नावानं वर, डोंगराच्या अंगाला बसली आहेत. नाव तेच, खाचरं नाहीत. तुमचा शेतकरी वर गेला की मुंबईला, हे तुम्हाला कुणी सांगत नाही. दोन्ही शक्य आहे. मावळ आणि मुळशीची माणसं मुंबईला जातच होती. गिरणीत, गोदीत, हमालीला, पुढे डबे पोचवायला. भिऱ्याची वीज त्याच वर्षी सुरू झाली. खोऱ्याचं पाणी, पाण्याची वीज आणि खोऱ्यातली माणसं, सगळी एकाच शहराकडे उतरली. त्या शहरात आज लोअर परळच्या जुन्या गिरण्यांच्या आवारांना लागून जो लांब रस्ता जातो त्याचं नाव सेनापती बापट मार्ग आहे. गिरण्यांची वीज अडवायला निघालेल्या माणसाचं नाव गिरण्यांच्याच दारावरून जातं. कुणी मुद्दाम केलं नसणार.

आता एक तारीख. 1 एप्रिल 1957. तुम्ही तलाठ्याच्या शेजारी चावडीत बसला आहात, समोर रांग आहे. 1948 च्या कूळकायद्यात नुकतीच मोठी दुरुस्ती झाली आहे आणि आजच्या दिवशी, कृषक दिनी, जो कूळ म्हणून जमीन कसतो तो कायद्यानं तिचा खरेदीदार झाला, असं मानायचं आहे. किंमत शेतसाऱ्याच्या पटीत, हप्त्यांनी भरायची. ती पुरी भरली की 32-म चं प्रमाणपत्र. मुंबई राज्यातल्या कितीतरी गावांत त्या दिवसानंतर पिढ्यान्‌पिढ्यांचे सावकार दप्तरातून पुसले गेले आणि नांगराचं नाव कागदावर चढलं. मुळशी तालुक्याच्या कोरड्या गावांतही चढलं. तलाठ्याची लेखणी चालताना तुम्ही बघता आहात.

हिशेब करा. रामनवमीच्या त्या दिवशी धरणाच्या खड्ड्यात बसलेल्या माणसाच्या कडेवर दहा महिन्यांचं पोर असेल, तर 1957 ला ते छत्तीस वर्षांचं झालं. खोऱ्याचा तळ तोवर कोरडा राहिला असता, तर त्या पोराच्या नावावर पेट्यातली सगळ्यात चांगली भातजमीन झाली असती. सावकारानं 1922 ला भाव घेऊन जे विकलं ते, पुढे काय होणार हे माहीत नसतानाही, अगदी वेळेत विकलं. कुळाकडे विकायला काही नव्हतंच. बुडीत जमीन कंपनीच्या नावावर होती, तिला कूळ नव्हतं, म्हणून तिच्यासाठी रांगेत कुणी नव्हतं. मुळशीच्या गोष्टीत मला सगळ्यात जास्त टोचतं ते हेच. कायदा आला, फक्त छत्तीस वर्षं उशिरा.

पुढची पन्नास वर्षं झरझर ओलांडा. एसटी येते, शाळा येतात, आवणी चालूच असते. मग पुणं वाढत वाढत चांदणी चौकाच्या खिंडीशी येतं आणि एक दिवस पलीकडे उतरतं. तालुक्याच्या पूर्वेला हिंजवडी आणि माणच्या शिवारात एमआयडीसीचं आयटी पार्क उभं राहतं. पिरंगुटला कारखाने, भूगाव-भुकूमला इमारती. दक्षिणेला मोसे खोऱ्यात, वरसगावच्या जलाशयाकाठी लवासा नावाचं अख्खं शहर डोंगरावर रचलं जातं. नोव्हेंबर 2010 मध्ये केंद्राचं पर्यावरण मंत्रालय त्याचं काम थांबवायची नोटीस देतं आणि 2018 मध्ये ते दिवाळखोरीच्या न्यायालयात जातं. शंभर वर्षांपूर्वी पाण्यासाठी जमीन हवी होती, आता पाण्याशेजारची हवी आहे.

आणि या वेळी तुम्ही स्वतः आहात. कुणाचे कारकून नाही, कंपनीचे मोजणीदार नाही. चांगली नोकरी, शनिवार-रविवार, पौड रस्त्यावर गाडी. फलक वाचत चालला आहात : एन.ए. प्लॉट, फार्महाऊस, लेक व्ह्यू. त्या शेवटच्या शब्दांतला 'लेक' म्हणजे ते खोरं. विकला जातो आहे तो बुडालेल्या खाचरांचा देखावा. जमीन दाखवायला आलेला पोरगा पंचविशीतला आहे, इथलाच, बोलायला गोड. त्याच्या आजोबांना कूळकायद्यानं जमीन मिळाली, वडिलांनी ती गुंठ्यागुंठ्यानं विकली आणि तो आता दुसऱ्यांच्या विकून देतो. गुंठा म्हणजे एकराचा चाळिसावा भाग. त्यात एक घर मावतं, नांगर वळत नाही.

या बापांना गुंठामंत्री म्हणून हसायची पुण्यात पद्धत आहे. गळ्यात साखळी, दारात गाडी, आणि पाच वर्षांत सगळं साफ. प्रवीण तरडे यांच्या 2018 च्या 'मुळशी पॅटर्न' सिनेमात या घसरणीचं टोक दिसतं, जमीन विकलेल्या शेतकऱ्याचा मुलगा गुन्हेगारीत उतरतो तिथपर्यंत. तसं घडलं हे खोटं नाही. पण हसणाऱ्यांनी शेतीचाही हिशेब बघावा. वाटण्या होऊन उरलेलं दीड-दोन एकर भात, वर्षातून एकच पीक, मजुरी वाढलेली, इर्जिक कधीच बंद पडलेली, पोरगा बारावी होऊन बसलेला. समोरचा माणूस शेतीच्या उत्पन्नातून कितीतरी पिढ्यांत मिळणार नाही इतका पैसा एका सहीला देतो. अशा वेळी विकणारा मूर्ख नसतो. सगळे बुडालेही नाहीत. हिंजवडीत खोल्या बांधून भाड्यावर सुखानं जगणारी घरं आहेत, पिरंगुटला वर्कशॉप टाकून चालवणारे आहेत. 1922 च्या कुळापेक्षा यांची स्थिती एका बाबतीत नक्की बरी : किंमत त्यांच्या हातात पडली.

कायद्यानं या जमिनीला एक कुलूप घातलं होतं. कूळकायद्यात मिळालेली जमीन कलम 43 प्रमाणे परवानगीशिवाय विकता येत नसे. 2014 मध्ये सरकारनं ते सैल केलं. खरेदीला दहा वर्षं होऊन गेलेली असतील तर शेतसाऱ्याच्या चाळीस पट नजराणा भरला की वाट मोकळी. शेतसारा म्हणजे एकराला काही रुपये. ज्या हक्कासाठी माणसं येरवड्याला गेली, त्याची दारराखण एका जेवणाच्या बिलाइतक्या रकमेवर आली.

तळं अजून कंपनीचं आहे आणि पाणी अजून पश्चिमेला जातं. भिऱ्याला वीज करून ते कुंडलिकेत पडतं. सकाळी पाणी सोडलं की कोलाडला रबरी होड्यांतून आरडाओरडा करत जी मंडळी उतरतात ती त्याच पाण्यावर. इकडे पुणं आणि पिंपरी-चिंचवडला पिण्याचं पाणी कमी पडतं आणि मुळशीचं पाणी पूर्वेला वळवा, ही मागणी दर काही वर्षांनी उठते. गंमत अशी की नदी मुळात पूर्वेलाच जात होती. त्या मागणीत खोऱ्याचं नाव कुठे येत नाही. धरणामागच्या गावांत आजही आषाढात आवणी होते, पण चढावरच्या, मुश्किलीनं पाणी धरणाऱ्या तुकड्यांत. आंबेमोहोर म्हणून पुण्यात जे विकलं जातं त्यातलं किती खरं मुळशीचं, हे दुकानदाराला विचारून बघा आणि त्याचा चेहरा बघा.

पोरगा तुमच्यासमोर सातबारा धरतो. तुम्ही वरचं नाव वाचता, क्षेत्र वाचता, बोजा नाही ना ते बघता. वकीलही एवढंच बघतील. पण त्या उताऱ्यात दोन नमुने एकत्र शिवलेले आहेत. सातवा हक्काचा आहे, बारावा पिकांचा. सातव्यातलं 'इतर अधिकार' हे सदर वाचा, कुळाचं नाव कुठे राहिलंय का ते बघा. जमीन भोगवटादार वर्ग दोनची आहे का ते विचारा. जुने फेरफार मागवा आणि नाव कधी, कशानं बदललं ते मागे मागे वाचत जा. 1957 च्या पलीकडे गेलात तर पुण्यातलं एखादं ओळखीचं आडनावही भेटेल. मग बाराव्या नमुन्यावर या. त्यात चालू खरिपाला भात लागलेलं असेल, तर बयाणा द्यायच्या आधी ते लावणाऱ्याला शोधा आणि जमीन विकली जाते आहे हे त्याला माहीत आहे का, एवढं विचारून या.